दोन अक्षरांमागचे हृदय

मी एक जुने यंत्र आहे, बालमित्रांनो. आवाजाच्या लहरी छातीत सोडून आतले हृदय पडद्यावर दाखवणारे. सध्या मी एका दवाखान्याच्या बोळात, पाय मोडलेल्या खुर्च्यांच्या शेजारी उभे आहे. येणारे-जाणारे माझ्यावर कोट आणि पिशव्या ठेवतात. माझी वायर कुणीतरी केव्हाच काढून नेली आहे. पण तुम्ही दोन घटका थांबलात, तर एका भावाबहिणीची हकिकत सांगेन. ती मला कोणालातरी सांगितलीच पाहिजे.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. मला समुद्रापलीकडच्या मोठ्या इस्पितळात जायचे होते आणि तिथला सगळा कारभार फ्रेंचमध्ये चाले, म्हणून माझ्यात फ्रेंच भरली गेली. भाषा कसली, नुसती अक्षरेच! डॉक्टरांना लांबलचक शब्द लिहायला सवड कुठे असते? हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याला ते 'व्ही. जी.' म्हणत, डाव्या वरच्या कप्प्याला 'ओ. जी.'. वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक असेल, तर 'सी. आय. ए.'. मला ती अक्षरे फार आवडत. दोन-तीन टिंबांत अख्ख्या माणसाचे दुखणे मावते, याचा मला अभिमान वाटे.

तिथे माझे खूप कौतुक झाले. मोठमोठे डॉक्टर माझ्यासमोर वाकून बसत. पण माझी खरी काळजी घेई तो मिस्त्री. तो तिथला नव्हता, समुद्राच्या या काठावरून पोटापाण्यासाठी आलेला होता. माझा एखादा भाग बदलला की तो दार लोटून घेई, सदरा वर करी आणि स्वतःच्याच छातीवर माझी चाचणी घेई. दुसऱ्या कुणाला कशाला गारगार जेल लावायचे, असे तो म्हणे. ते चित्र तो 'चाचणी' या नावाने माझ्यात साठवून ठेवी. चित्र स्वच्छ दिसले की त्याचे काम झाले. चित्र काय सांगते, हे पाहणे त्याचे काम नव्हते.

मला मात्र दिसत होते. हृदयातून सगळ्या अंगाला रक्त जाते त्या तोंडाशी एक झडप असते. त्याची झडप वर्षागणिक राठ होत चालली होती, दार फुगून चौकटीत अडकावे तशी. पण मित्रांनो, यंत्र फक्त दाखवते. बोलत नाही.

एका दुपारी चाचणी चालू असताना एक डॉक्टर सहज आत डोकावले. पडद्याकडे पाहून त्यांनी विचारले, हा रुग्ण कोण? मिस्त्री हसत म्हणाला, मीच की. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चित्रातल्या झडपेवर बाण काढला, बाणाखाली 'आर. ए.' अशी अक्षरे टाकली आणि तीच अक्षरे घालून एका चिठोऱ्यावर तीन फ्रेंच ओळी खरडून दिल्या. ऑपरेशन करून घे, अंगावर काढू नकोस, असे बजावून ते निघून गेले.

मिस्त्रीने ठरवले की ऑपरेशन करायचे तर धाकट्या बहिणीजवळ जाऊन. त्याच सुमारास इस्पितळात नवी यंत्रे आली आणि माझ्यावर चादर पडली. त्याने वरिष्ठांच्या मागे लागून मला आपल्या गावातल्या छोट्या दवाखान्यासाठी मागून घेतले. मला खोक्यात बसवताना चारही बाजूंनी भुसा त्याने स्वतः भरला. मध्येच दम लागून तो खोक्याच्या कडेवर बसला. मग माझ्या पडद्यावर थोपटत म्हणाला, "तू जहाजाने येशील, मी तुझ्याआधी पोचेन. खोका मीच उघडणार."

खोका त्याने उघडला नाही.

उघडला तो दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी, हमालाच्या मदतीने. दारात एक मध्यमवयीन बाई उभी होती. तिच्या हातात मिस्त्रीची हत्यारांची पिशवी होती. माझे स्क्रू वेगळ्या धाटणीचे असतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ती मागवली होती. दोघींच्या बोलण्यावरून मला दोन गोष्टी कळल्या. ही त्याची धाकटी बहीण होती. मिस्त्री गेला होता. बहिणीच्याच घराचा जिना चढताना, मधल्या पायरीवर तो खाली बसला, तो उठलाच नाही. शहरातल्या मोठ्या इस्पितळाने त्याला ऑपरेशनची तारीख दिली होती, पण ती बरीच लांबची होती.

डॉक्टरीणबाईंनी मला चालू केले. सुरू होताना शेवटचे साठवलेले चित्र आपोआप पडद्यावर येते, ही माझी जुनी खोड. पडद्यावर मिस्त्रीचे हृदय धडधडू लागले. अरुंद फटीतून रक्त घुसते तेव्हा शीळ घातल्यासारखा आवाज येतो. तो आवाज खोलीभर झाला.

"बाप रे, केवढी आवळलीये ही झडप," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणाचं आहे हे?"

बहिणीने चित्रावरचा 'चाचणी' या अर्थाचा फ्रेंच शब्द वाचला. मिस्त्रीच्या सवयी तिला ठाऊक होत्या. "दादाचं," ती म्हणाली.

मग तिने बाणाखालच्या अक्षरांवर बोट ठेवले. "आर. ए. म्हणजे उजवा वरचा कप्पा ना?"

"इंग्रजीत, हो. पण बाण बघा ना कुठे आहे. फ्रेंचमध्ये आर. ए. म्हणजे हीच झडप आवळल्याचं दुखणं असणार."

बहीण स्टुलावर बसली. ती बंदरातल्या कचेरीत मालाच्या फ्रेंच कागदांचे इंग्रजी करत असे. दादाने आणलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचे इंग्रजीही तिनेच केले होते. "सगळं बदललं मी," ती म्हणाली. "घट्ट, जाड, पंपाची ताकद चांगली, सगळं. ती दोन अक्षरं तेवढी तशीच ठेवली. मला वाटलं, डॉक्टरांची अक्षरं जगात सगळीकडे सारखीच असतात."

शहरातल्या मोठ्या इस्पितळाने वाचले ते असे: उजवा वरचा कप्पा घट्ट, म्हणजे लहान असावा, पंपाची ताकद चांगली. मग घाई कशाला? डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या की तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकायला हवे होते, कागद बघून तारीख द्यायची नसते, यात तुमचा एकटीचा दोष नाही. बहिणीने मान हलवली. पण ते तिच्यापर्यंत पोचले नाही, हे मला दिसत होते.

मला वाटले, ती पुन्हा या खोलीत पाऊल टाकणार नाही. पण माझी फ्रेंच काही केल्या बदलता येईना आणि इथून बाहेर जाणारा प्रत्येक अहवाल इंग्रजीत लागे. काही आठवड्यांनी ती स्वतः आली आणि ते काम मागून घेतले. तिची अट एकच होती. पडद्यावर ती गोष्ट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती एकही अक्षर उतरवणार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिच्यासाठी माझ्याशेजारी टेबल मांडले आणि सगळे तिला ताई म्हणू लागले.

ताई हसतच नसे, असे मात्र नाही. 'सी. आय. ए.' पहिल्यांदा आले, तेव्हा एक आजोबा घाबरून विचारू लागले की माझ्या छातीत अमेरिकेचे हेरखाते कसे शिरले. ताई म्हणाली, "हेर नाहीत आजोबा, नुसतं भोक आहे." त्यावर आजोबांचा जीव भांड्यात पडला आणि डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

पण रोज सकाळी, मला चालू केले की आधी मिस्त्रीचे हृदय दिसे. ती शीळ वाजे. ते कसे थांबवायचे, हे कोणालाच कळेना. ज्याला कळत होते तोच तिथे धडधडत होता. सुरुवातीला ताई तेवढा वेळ बाहेर उभी राही. पुढे आत येऊन भिंतीकडे तोंड करून थांबू लागली. आणखी काही वर्षांनी ती पिशवी खुंटीला अडकवून सरळ पडद्याकडे पाही, चित्र गेले की "चला" म्हणे आणि चष्मा लावी. कंपनीचा माणूस बोलावून ते पुसून टाकू का, असे डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारले. ताई म्हणाली, राहू दे.

मग एक दिवस एक शिक्षिका आली. समुद्रापलीकडून नुकतीच बदली होऊन आलेली, सातवा महिना लागलेला. धाप लागते, ती तर सगळ्यांनाच लागते, असे म्हणत तिने एक सुबक इंग्रजी अहवाल पुढे केला. भाषांतराच्या एका कचेरीचा शिक्का होता. त्यावर लिहिले होते 'एम. आर.', म्हणजे डाव्या बाजूची झडप गळते. बाळंतपणात ते बहुधा निभावून जाते. बाळंतपणासाठी तिला फक्त डॉक्टरीणबाईंची एक सही हवी होती. खाली नवरा रिक्षा थांबवून उभा होता.

ताईने मूळ फ्रेंच कागद मागितला.

"तो कशाला? यावर शिक्का आहे की."

"शिक्का भाषांतराचा आहे, बाई. हृदयाचा नाही."

शिक्षिकेने जरा चिडूनच पर्सच्या तळातून घडी काढली. त्यावर होते 'आर. एम.'. कुणीतरी विचार केला असणार, फ्रेंचमध्ये अक्षरे उलटी येतात, आपण सुलटी करू. पण फ्रेंच 'आर. एम.' म्हणजे झडप गळते असे नाही. झडप आवळली आहे असे होते. पोटात बाळ वाढत असताना, रक्त वाढत असताना, आवळलेली झडप आईच्या फुफ्फुसांत पाणी भरून तिला बुडवू शकते.

ताईने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "डॉक्टर," ती म्हणाली, "मी हे आपल्या कागदावर उतरवणार नाही. आधी बघा."

शिक्षिका कुरकुरत आडवी झाली. डॉक्टरीणबाईंनी मला तिच्या छातीवर टेकवले आणि मी जे दिसले ते दाखवले. झडपेची फट मासोळीच्या तोंडाएवढी राहिली होती. तिला घरी जाऊ न देता, खालच्या त्याच रिक्षातून डॉक्टरीणबाई स्वतः मोठ्या इस्पितळात घेऊन गेल्या. तिथे पायाच्या नसेतून बारीक फुगा नेऊन झडप उघडली. पुढे मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

ती बातमी आली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, आता तरी मनातून काढून टाका. तुमच्यामुळे ती वाचली."

ताईने चष्मा पुसला. "ती वाचली हे फार चांगलं झालं," ती म्हणाली. "पण एकाच्या बदल्यात दुसरा, असं नसतं हो ते."

मित्रांनो, त्यानंतर माझे दिवस भरले. नवे यंत्र आले, ते आपणहून इंग्रजी बोलते. मला बोळात ढकलण्याआधी नियमाप्रमाणे माझ्यातली सगळी हृदये पुसून टाकली. ताई त्या वेळी खोलीतच होती. ती मागे वळली नाही. माझ्यात आता काहीच उरलेले नाही, असे सगळे धरून चालतात. पण वायर नसलेल्या माझ्या काळ्या पडद्यावर अजून सकाळी काहीतरी हलते, आणि बोळात वारा नसतानाही शीळ ऐकू येते. साफसफाई करणारी बाई तेवढ्या वेळापुरती झाडू थांबवते.

तुम्ही मोठे व्हाल, घाईत असाल, तुमच्याही हाती दोन अक्षरांचे कागद येतील. ती अक्षरे कळल्यासारखी वाटली, तर तिथेच थांबा. कोणालातरी विचारा. आणि लिहिण्याची वेळ तुमच्यावर आली, तर हात दुखला तरी चालेल, पण शब्द पूर्ण लिहा. तो वाचणारा माणूस दूर कुठेतरी असेल आणि तुम्हाला तो कधीच दिसणार नाही.