लाल पट्टीची उबपेटी

मित्रांनो, मी पेशी वाढवायची एक जुनी उबपेटी आहे. जर्मनीतल्या मागदेबुर्गच्या एका प्रयोगशाळेत बावीस वर्षे सदतीस अंशांवर काढली. माझी गोष्ट अभिमानाची नाही, पण सांगितल्यावाचून चैन पडत नाही.

माझ्या दारावर लाल चिकटपट्टी होती. बाहेरगावच्या पेशी आधी माझ्यात ठेवायच्या आणि जंतूंची तपासणी झाली की मगच पुढच्या खोलीत न्यायच्या, हा गुडरूनबाईंचा दंडक. त्या तिथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. प्राध्यापकही त्यांना वचकून असत. पुढच्या खोलीतल्या पेट्यांचे कौतुक होई, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. मी मनातून जळत असे.

मग डॉक्टरेटसाठी वीबके लोझे आली. अफूच्या जातीची वेदनाशामके पेशीवरच्या ज्या ग्राहीला चिकटतात, त्याचे जनुक रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एरवी मिटलेले असते. बाहेरून इंटरल्यूकिन-चार या प्रथिनाचा निरोप आला की आतले स्टॅट-सहा नावाचे प्रथिन जागे होते, जनुकाच्या तोंडाशी जाऊन बसते आणि जनुक उघडते. वीबकेला हे सिद्ध करायचे होते, तेही नोकरीची मुदत संपायच्या आत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत.

मे महिन्यात पुढच्या खोलीतली तिची पेटी बिघडली. गुडरूनबाई गुडघ्यांच्या उपचारासाठी तीन आठवडे आरोग्यधामात होत्या. वीबके आपल्या पेशी घेऊन माझ्याकडे आली. आत परगावची, न तपासलेली एक बाटली होती. वीबके क्षणभर घुटमळली. मग कुणी विचारू नये म्हणून तिने माझी पट्टीच सोलून काढली. मित्रांनो, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आत काय आहे ते मला ठाऊक होते, तरी झाला.

थोड्याच दिवसांत नवल घडले. निरोप न दिलेल्या पेशींतही जनुक उघडू लागले. नवाच शोध लागला म्हणून प्राध्यापक खूश झाले. वीबकेने साल्झवेडेल गावाहून तिथला प्रसिद्ध थराथरांचा केक आणला. कुणीतरी माझ्या दारावर थाप मारून म्हणाले, "म्हातारीनं कमाल केली." मी फुलून गेले.

गुडरूनबाई परतल्या आणि पट्टीच्या जागी राहिलेल्या फिकट खुणेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वीबकेच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. प्रत्येक पेशीभोवती बारीक ठिपके होते. ते मायकोप्लाझ्मा, त्या न तपासलेल्या बाटलीतून आलेले, पेशींचे पोषक पाणी गढूळ न करणारे चोरटे जंतू. त्यांच्यामुळे एनएफ-कप्पा-बी हे दुसरेच प्रथिन जागे झाले होते आणि त्याने जनुक उघडले होते. शोध कसला, पेशी आजारी होत्या. पट्टी काढल्यापासूनचे सगळे काम वाया गेले.

सोमवारच्या बैठकीत, माझ्यासमोरच, प्राध्यापक म्हणाले की पेटी जुनी, दाराचे रबर गेलेले, भंगारात काढा. सगळ्यांनी माना डोलावल्या. वीबकेलाही गप्प बसता आले असते.

"पेटीचा काही दोष नाही," ती म्हणाली. "पट्टी मी काढली. बाई नव्हत्या, म्हणून काढली."

 गुडरूनबाई उठल्या. "केक छान होता म्हणे. चल, आता पेशी फेकायला लाग."

प्राध्यापकांनी तिला डिसेंबरपर्यंत मुदत मिळवून दिली. गोठवून ठेवलेल्या स्वच्छ पेशी घेऊन तिने सगळे पुन्हा केले. निरोप दिलेल्या पेशींत जनुक उघडले, न दिलेल्यांत मिटलेलेच राहिले. काहीच घडले नाही म्हणून आनंदाने रडणारी मुलगी मी तेव्हा प्रथमच पाहिली.

वीबकेला डॉक्टरेट मिळाली. तिथे अशा नव्या डॉक्टरला सहकारी पुठ्ठ्याची टोपी करून घालतात आणि चिडवायला त्या टोपीवर नाना वस्तू लटकवतात. वीबकेच्या टोपीवर गुडरूनबाईंनी लाल पट्टी लावली होती. सगळे हसले, तीही हसली. मग टोपी डोक्यावर तशीच ठेवून ती माझ्याकडे आली, टोपीवरची पट्टी काढली आणि माझ्या दारावर नीट दाबून बसवली.

मित्रांनो, अशी पट्टी कुठे दिसली तर तिला नख लावू नका. लावलेच, तर कुणी विचारायच्या आत सांगून टाका. मला तोंड नाही म्हणून मी गप्प राहिले, असे मी इतकी वर्षे स्वतःला समजावते आहे. पण तोंड असते तरी मी बोलले असते का, ते मला सांगता येत नाही.