शिंप्याच्या पडद्याआड

छबूबाई बोलायला लागली की राजूरच्या बाजारातले बैलसुद्धा कान टवकारायचे. पण त्या दिवशी बाई तोंडाला कुलूप लावून काकासाहेब शिंप्याच्या दुकानात शिरली, काखेत चोळीचा खण. दुकानातल्या पडद्याआड संगमनेरच्या लिडियाबाई डॉक्टरीण बसायच्या, मनाच्या दुखण्यावर औषध द्यायला. संगमनेरला त्यांचा स्वतःचा दवाखाना चांगला चालायचा. पण डोंगरातली माणसं तिथवर कुठली जातात? म्हणून महिन्यातल्या एका बाजाराला त्या एसटीनं इकडं यायच्या. कुणी बघू नये म्हणून चोळीचं माप द्यायचं निमित्त, ही युक्तीही त्यांचीच.

छबूबाईची सून चांगुणा बाळंत झाली आणि मुकीच झाली. खाईना, झोपेना, लेकराकडं बघेना. छबूबाईचा दीर म्हणाला, "वहिनी, माहेरी धाडा हिला. तुमच्या गोरक्षला दुसरी बायको बघू." छबूबाईला ते पटेना. असली गुणाची पोर घालवायची? आणि डॉक्टरकडं न्यावी तर 'येडी' म्हणून शिक्का बसणार, दिराच्या हाती आयतंच कोलीत. मग बाईनं डोकं चालवलं. आजारी आपणच व्हायचं!

"झोप न्हाई, भूक न्हाई, बोलावंसंच वाटत न्हाई बघा," असं छबूबाई दम न घेता कितीतरी वेळ सांगत राहिली. ओठावर भज्यांचं तेल अजून चकाकत होतं.

लिडियाबाईंनी हसू दाबलं. "बरं. तुमच्या वयाला झेपतील अशा गोळ्या देते."

झाली का पंचाईत! म्हातारीच्या गोळ्या त्या कोवळ्या पोरीला? छबूबाईच्या तोंडाचं कुलूप तुटलं. "माझ्या वयाच्या नको ओ! माझी सून ओली बाळंतीण हाय, तिला झालंय हे समदं!"

बाहेरचं शिलाई मशीन थांबलं. छबूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"छबू," बाहेरून शेजारच्या राहीबाईचा आवाज आला, "माझ्या थोरल्या सुनेचंबी असंच हुतं गं. ह्याच बाईंनी बरी केली."

छबूबाईनं पडदा सारला. बाकावर ओळीनं बाया बसलेल्या, आणि एकूणएक बाईच्या काखेत खण!

"काकासाहेब, ह्यातली एक तरी चोळी शिवली का रं?" तिनं विचारलं, आणि सगळं दुकान खदखदा हसलं.

"जा, सुनेला घेऊन या," लिडियाबाई म्हणाल्या. "शेवटच्या एसटीपर्यंत मी आहे."

छबूबाईनं चांगुणाला आणलं ते भर बाजारातनं, हात धरून. खण घरीच ठेवला.

औषध लागू पडलं. चांगुणा झोपू लागली, जेवू लागली, लेकराला पोटाशी धरू लागली. दुसऱ्या सोयरिकीचा विषय दिरानं गिळला. चांगुणाचं बोलणं तेवढं अजून मानेनंच चालायचं.

दिवाळीच्या बाजारात छबूबाई कासाराशी बांगड्यांवरून हमरीतुमरीवर आली होती. मागून कुणीतरी पदर ओढला.

"आत्याबाई, हळू बोला की. समदा बाजार ऐकतोय."

लेकराला कडेवर घेऊन चांगुणा उभी होती. छबूबाईचे डोळे भरून आले.

"ऐकू दे!" ती दुप्पट जोरानं ओरडली. "माझी सून बोलली!"