एकेचाळिसाव्या पानावरचा चेहरा

मी वही बोलतेय. ताईंची नाचाची वही. दोनशे पानी, पाठीला तीनदा डिंक लावून चिकटवलेली. जरा घाईत बोलतेय, सांभाळून घ्या. परवा कार्यक्रम आहे, माझ्या एकेचाळिसाव्या पानावरचा चेहरा अजून कोरा आहे, आणि धास्तीने मी अर्धी झालेय.

तशी मी साधीच. स्टेशनरीच्या दुकानात खालच्या फळीवर, भूगोलाच्या नकाशांखाली दबून पडले होते. ताई आल्या, मला उघडून आधी वास घेतला, मग पानावर बोटाने एक गिरकी काढली. दुकानदार बघतच राहिला. मला मात्र तेव्हाच कळलं, आपल्यात काही गणितं-बिणितं लिहिली जाणार नाहीत.

ताई नाच बसवायच्या. बसवायच्या आधी माझ्यात काढायच्या. काडीची माणसं, बाण, पाय आपटायचा तिथे ठिपका. पण त्या माणसांची डोकी म्हणजे नुसते गोल. डोळे नाहीत, तोंड नाही, काही नाही.

"चेहरा लिहिला की मेला," ताई म्हणायच्या. "तो समोर उभं राहून दाखवायचा असतो."

आणि एक गोष्ट, ही नीट ऐका, सगळा घोळ तिथेच आहे. मला ताईंशिवाय कुणी वाचायचं नाही, हा नियम होता. पोरींना त्या समोर उभं राहून शिकवायच्या.

या वेळचा नाच निरोपाचा. घर कायमचं सोडून जाणारी एक बाई आणि मागे राहणारा तिचा भाऊ. बाई म्हणजे ताईंची लेक. ती जुन्या घाटणीचा, नजरेचा नाच शिकलेली. डोळ्यांत पाणी आणायचे तिच्याकडे सात प्रकार आहेत, मी मोजलेत. भाऊ म्हणजे स्प्रिंग. खरं नाव कुणी घेतच नाही. तो फुटपाथवर स्पीकर लावून, डोक्यावर गरागरा फिरून नाचणारा. त्यांच्यात चेहरा दगडासारखा ठेवतात, बोलायचं ते खांद्याने नि गुडघ्याने.

"हा माणूस आहे की खांब?" लेक पहिल्या दिवशी म्हणाली.

"आणि तू काय, हवामान खातं?" स्प्रिंग म्हणाला. "दर मिनिटाला तोंडावर वेगळं आभाळ."

ताई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "मला दोघंही हवेत."

एकेचाळिसावं पान त्यांनी घरी लिहिलं, भर दुपारी, स्वयंपाकघरात. मी टेबलावर उघडी. बाई दारातून शेवटची बाहेर पडते आणि वळून बघते, ती जागा. ताई पेन ठेवून उठल्या, खांद्याला पिशवी अडकवली, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. मला वाटलं, आता रडणार. कसलं काय. एक भुवई किंचित वर, ओठ अर्धवट उघडे, नजर थेट शेगडीवर. गॅस बंद केला ना आपण? बस, तेवढंच. सगळं संपलंय, परत यायचं नाहीये, आणि बाईला काळजी गॅसची. माझ्या पानांवर काटा आला.

ताई स्वतःशीच हसल्या आणि लिहिलं, 'दाराशी थांब. डाव्या खांद्यावरून वळून बघ. चेहरा मी दाखवीन.' आणि मला मिटलं.

दाखवायचं राहिलंच. अकरा दिवसांनी ताई न्हाणीघरात पडल्या. झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, चेहऱ्याचा उजवा भाग ओल्या कपड्यासारखा खाली ओघळला. डॉक्टर म्हणाले, जपा, दुसरा झटका कधीही येऊ शकतो.

मग लेकीने मला उघडलं. पहिल्यांदाच.

हॉलमध्ये ताईंची खुर्ची बरोबर समोर, प्रेक्षक बसतील तिथे. चाळीस पानं पोरांनी माझ्यावरून जशीच्या तशी बसवली. एकेचाळिसाव्यावर लेक रंगमंचावरच्या दाराच्या चौकटीपाशी गेली, डाव्या खांद्यावरून वळली, आणि तोंड गेलं मागच्या भिंतीकडे.

टक टक टक. ताईंचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर.

"आवडलं नाही तिला," लेक म्हणाली. "अजून दुःखी करते."

"पण भिंतीला दाखवून काय उपयोग?" स्प्रिंग म्हणाला.

"आईने मुद्दाम ठेवलं असेल. बाई दुःख लपवतेय."

"मग 'चेहरा मी दाखवीन' कुणासाठी लिहिलंय? भिंत रंगवणाऱ्यासाठी?"

"तू गप रे."

दुसरा प्रकार, तिसरा, चौथा. भिंतीसमोर लेक ढसाढसा रडली, टक टक टक. सातवा प्रकार संपला तेव्हा ती खरंच रडत होती. "परवा कार्यक्रम आहे, आई. एकदा तरी हो म्हण. नंतर कुणाला विचारू मी?"

आणि मी. मी ओरडत होते हो. अगं, ताई तुमच्यासमोर तोंड करून उभ्या आहेत असं धरून लिहायच्या. त्यांचा डावा तो तुझा उजवा. चाळीस पानं उलटी बसली तरी कुणाला कळलं नाही, कारण हात इकडचा काय नि तिकडचा काय. पण दार एकच आहे, ते कुठे उलटतंय? पण मला तोंड कुठाय? जे आहे ते गोल, कोरं.

शेवटी लेकीने चिडून मला भिरकावलं. मी ताईंच्या पायाशी आदळले, पाठीचा डिंक सुटला. स्प्रिंग मला उचलायला आला, तिथेच खुर्चीशेजारी उभा राहून त्याने पान वाचलं. मग मान वर करून चौकटीकडे बघितलं. परत पान, परत चौकट.

"ए," तो हळूच म्हणाला. "ताईंनी हे इथून लिहिलंय. आपल्याकडे तोंड करून. उजव्या खांद्यावरून वळ बरं."

लेक वळली. आणि पहिल्यांदा तिला समोर आई दिसली.

टकटक थांबली होती. ताईंची डावी भुवई वर गेली. किंचित. ओठाची डावी कड उघडली. नजर कुठेतरी लेकीच्या मागे, तिथे नसलेल्या शेगडीवर. अर्धाच चेहरा, पण मला लगेच ओळखू आला.

लेक दोन पावलं पुढे आली.

"गॅस?" ती म्हणाली.

ताईंच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

"दर वेळी," लेक स्प्रिंगला सांगत होती, रडत, हसत, "कुठेही निघालो की ही जिन्यावरून परत वर. गॅस बघायला. मी किती ओरडायचे हिच्यावर."

मग तिने तो चेहरा केला. तसाच. पूर्ण. स्प्रिंगचे खांदे आपोआप खाली आले, तोंडावरची सुरकुतीही न हलता.

आता सांगा, इथे संपायला हवं ना? पण लेकीने पेन काढलं. "लिहून ठेवते, आई. मी विसरले तर?" मी सगळी पानं ताठ करून वाट बघत होते. भरा मला, एकदाचं भरा. आणि ताईंनी आपला डावा पंजा माझ्या एकेचाळिसाव्या पानावर ठेवला. काही केल्या उचलेनात.

आता मी त्यांच्या मांडीवर आहे, त्याच पंजाखाली. पंजा कापतोय. डावी भुवईसुद्धा आता थकून खाली येतेय. म्हणून तुम्हाला हात जोडते, आहेत त्या दोन पुठ्ठ्यांनी. परवा याल ना? मग बाई दाराशी पोचली की मोबाईल खाली ठेवा, शेजारच्याशी बोलू नका, खोकला आला तर दाबा. ती वळेल, एवढ्याशा वेळासाठी. नीट बघून घ्या.

माझ्याकडे त्याची प्रत नाही.