मानलेल्या मावशीकडे

मावशी सख्खी नव्हती, चुलत नव्हती, लांबचीही नव्हती. शाळेत आईच्या बाकावर बसायची, एवढंच काय ते नातं. पण पोरीला परदेशातल्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं कळताच त्याच शहरात राहणाऱ्या मावशीने फोनवर आईला हक्काने दटावलं, की मी इथे असताना पोर हॉस्टेलवर राहणार का? आईचे डोळे भरून आले. हॉस्टेलमधली जागा तीन महिने वाट बघून मिळाली होती. ती आईने त्याच संध्याकाळी सोडायला लावली. भाडं हॉस्टेलइतकंच ठरलं, रोख. कागदबिगद नको, घरच्या माणसांत कसले करारमदार, हेही दोघी मैत्रिणींनी हसत हसत ठरवून टाकलं. पोरीला कोणी विचारलं नाही.

खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची कोठी. एका भिंतीला कपडे धुण्याचं मशीन, दुसरीला गादी, आणि उरलेल्या फटीत पोरीने अभ्यास करायचा. मशीन फिरायला लागलं की गादीही हलायची. मावशीने तिला मुलगी मानलं होतं, आणि मुलीकडून भांडी घासून घ्यायला कसला आलाय संकोच? भांड्यांमागून इस्त्री आली, इस्त्रीमागून मावशीच्या जुळ्या मुलींचा गृहपाठ. आंघोळीला दहा मिनिटं झाली की दारावर थाप. कोठीतला हीटर बंद, कारण म्हणे थंडीची सवय करावी लागते. आणि दारात कोणी परकं आलं की सांगायचं, मी भाची, पाहुणी आलेय.

पोरीने हे मुकाट सोसलं. मग कॉलेजचं पत्र आलं. शुक्रवारपर्यंत राहत्या पत्त्याचा पुरावा द्या, घरमालकाच्या सहीचा, नाहीतर प्रवेश रद्द. प्रवेश गेला की व्हिसा गेला, म्हणजे बॅग भरून घरी.

बुधवारी जेवणं झाल्यावर तिने पत्र मावशीपुढे ठेवलं.

"फक्त पत्त्यासाठी सही हवी होती, मावशी."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा," मावशी म्हणाली.

कॉलेज मागतंय, मी नाही, हे पोरीने दोनदा समजावलं. मावशीला पहिल्याच खेपेला समजलं होतं. सही केली की भाडं घेतल्याचं उघड होणार, त्यावर कर बसणार आणि कोठीत माणूस ठेवलाय हे बघायला कोणीतरी येणार. यातलं ती काही बोलली नाही. तिने सरळ आईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सांगितलं, तुझी लेक माझ्याकडे कायद्याचे कागद मागतेय.

"आधी मावशीची माफी माग," आई म्हणाली.

"आई, माझा प्रवेश जाईल."

"काही जात नाही. मावशी काढेल मार्ग. तू मोठ्यांशी बोलायला शीक."

पोरीने माफी मागितली. मावशीने ती उदार मनाने पदरात घेतली आणि बोटाने करपलेली कढई दाखवली.

गुरुवारी सकाळी पोर कॉलेजच्या निवास विभागात जाऊन उभी राहिली. घरमालक सही देत नसेल तर पत्त्याचा दाखला कॉलेजच देतं म्हणून कारकुनाने पुढे केलेल्या फॉर्मवर एक रकाना होता, घरमालकाशी नातं. भाची लिहिलं असतं तर ती पाहुणी ठरली असती, आणि पाहुणीला दाखला मिळत नाही. तिने लिहिलं, नातं नाही, भाडेकरू. कोठी, मशीन, हीटर, सगळं लिहिलं. कारकून वाचून गंभीर झाला. दाखला लगेच मिळेल म्हणाला, पण त्या घराला नोटीस जाईल, आणि तिने आजच तिथून निघावं. कॉलेज दहा दिवसांसाठी एक खाट देईल, दाखल्यावर पत्ता तिथलाच, पुढचं तिचं तिने बघायचं. पोरीने सही ठोकली. तिला बरं वाटलं. उगीच खोटं कशाला सांगा, मावशीची जिरवल्याचंच बरं वाटलं.

दुपारी ती सामान घ्यायला गेली. नोटिशीचं तिने स्वतःच तोंडावर सांगितलं. मावशी दार अडवून उभी राहिली.

"आईवर गेली नाहीस तू. ती गरीब होती, माजलेली नव्हती."

पोरीने घराची किल्ली मावशीच्या हातात ठेवली, बॅग उचलली आणि तिला खांद्याने बाजूला सारून बाहेर पडली.

बस थांब्यावर पोचते न पोचते तोच आईचा फोन. मावशी रडत होती म्हणे. शाळेपासूनची मैत्री मातीत घातलीस, आता मी तिला कोणतं तोंड दाखवू, चार ओळखीच्यांत ती काय काय सांगेल. आई बराच वेळ बोलत होती. आता राहणार कुठे, एवढं आई विचारेल, मग दाखला मिळाल्याचं सांगू, खाटेचं सांगू, असं मनाशी ठरवून पोर फोन कानाला लावून थांबली. एक बस गेली. दुसरीही गेली.

शेवटी आईने नाक पुसलं.

"तिच्या घराची किल्ली तरी परत दिलीस ना?"

"दिली," पोर म्हणाली आणि तिने फोन बंद केला.