उणे एकोणीस

मीटरवर पुन्हा उणे एकोणीस. शाळेच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या रोवेलाने मीटरला एक सणसणीत शिवी हासडली आणि मग जवळपास मुलं नाहीत ना, ते पाहिलं. आकडा उणे अकराच्या आसपास यायला हवा होता. खाली गावातल्या पेटीत उजेड सोडणारं यंत्र सकाळपासून चालू होतं. पण फायबरमधून डोंगर चढून शाळेपर्यंत येईतो तो उजेड वाटेतच कुठेतरी सांडत होता. कुठे, ते मीटर सांगत नाही. उरला किती, एवढंच सांगतं. कुठे सांडतो ते दाखवणारं महागडं यंत्र ऑफिसने नेमकं दुसऱ्या बेटावर धाडलेलं.

वाटेत जोड एकच, बांबूच्या पुलापाशी, आणि तो नोंग पुलोने, म्हणजे पुलोदादाने, केलेला. तिचा जीव टांगणीला लागला होता तो त्यामुळेच. नोंगने साठी ओलांडली होती. फायबर सोलायला-सांधायला रोवेलाला त्यानेच शिकवलं होतं. इंजिनिअरसाहेब मात्र कधीपासून कुरकुरत होते, "म्हाताऱ्याला आता घरी बसवू." साहेबांशी भांडून तिने त्याला या कामावर आणलं होतं. आज लाइन पास झाली नाही, तर साहेबांच्या हाती आयतंच कोलीत.

तिने फोन लावला. "नोंग, परत तोडा जोड."

"अगं इंदाय, पोरी, दुसऱ्यांदा केलाय! सांधायचं यंत्र तर म्हणतंय, फक्कड झालाय."

"त्याचं काय घेऊन बसलात? माझ्या मीटरला उजेड दिसत नाहीये."

"मग त्याला नारळीभाताचा एखादा इबोस भरव. उपाशी असेल बिचारं."

"मस्करी नको, नोंग. तोडा!"

"तोडतो बाई. पण डब्यातलं जादा केबलचं वेटोळं संपत आलंय. यानंतर तोडायला काही उरणार नाही, सांगून ठेवतो."

तो सांधेपर्यंत तिने भिंतीवरच्या पेटीतून मीटरची कॉर्ड काढली आणि टोक पुसून घेतलं. आधी टोक पुसायचं, मग तोंड उघडायचं, ही नोंगचीच शिकवण. पुसायचे खास कागद सकाळीच संपले होते, म्हणून ती मानेवरच्या छोट्या टॉवेलाने पुसत होती. दर खेपेला, अगदी मन लावून.

तिसरा जोड झाला. कॉर्ड लावली. उणे वीस.

सकाळपासून पालथ्या घड्यावर पाणी. ऊन, साहेबांचे तीन फोन, उपाशी पोट, सगळ्यांचा राग एकदम उसळला आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

"नोंग, एकदाचं खरं सांगा. हात थरथरतो का हो तुमचा?"

तो एवढंच म्हणाला, "बघतो," आणि फोन बंद झाला.

बोलल्यावर तिला वाईट वाटलं, पण राग काही उतरला नव्हता. घाम डोळ्यांत झिरपत होता. तिने चष्मा काढला, टॉवेलाने काचा पुसल्या आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. केळीची बाग, झेंड्याचा खांब, सगळं पांढऱ्या धुक्यात गेलं. तिने परत पुसलं. धुकं आणखी दाट झालं. टॉवेल नाकाशी नेला, तर पावडरीचा घमघमाट.

नानाय! चौतिशीतल्या, कमावत्या लेकीच्या मानेवर तिची आई अजून रोज सकाळी टॉवेल टाकायची आणि पाठीवर घाम मुरून खोकला होऊ नये म्हणून त्याच्यावर तान्ह्या बाळासारखी पावडर थापायची. घरोघरच्या नानाय हेच करतात. आणि हिने दुपारभर तीच पावडर फायबरच्या टोकाला फासली होती.

शाळेच्या औषधपेटीतून स्पिरिट आणून तिने भिंतीवरच्या पेटीतलं टोक आणि मीटरचं तोंड स्वच्छ केलं. पिशवीतली सीलबंद नवी कॉर्ड फोडून लावली. उणे अकरा. नाचता येईना अंगण वाकडं, आणि हिने तर म्हाताऱ्याकडून अंगण खणून घेतलं होतं.

नोंगचा फोन बराच वेळ लागेना. शेवटी त्याने उचलला.

"आलं, नोंग! उणे अकरा!"

"आलं ना? बरं झालं. शेवटचा तरी नीट बसला म्हणायचा. आत्ता साहेबांशीच बोलत होतो. म्हटलं, उद्यापासून कामाच्या यादीतून माझं नाव काढा."

टॉवेल, पावडर, टोक, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. तिला वाटलं, तो खदाखदा हसेल, नानायच्या नावाने काहीतरी टोमणा मारेल.

"म्हणजे पहिलाच जोड चांगला होता?"

"हो, नोंग. पहिलाच. चूक माझीच. मी आत्ता साहेबांना फोन करून सगळं सांगते."

"सांग, सांग." तो म्हणाला. "पण इंदाय, मघापासून डब्याचा एक स्क्रू लावतोय मी. तू विचारलंस ना, तेव्हापासून हात थरथरतोय बघ. बसतच नाहीये."