पंचाचा रिमोट

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे, कुस्तीच्या गेमचा. माझी वायर कुठेच जोडलेली नाही, त्यामुळे मला सुखदुःख फारसं कळत नाही. तरी जसं आठवतं तसं सांगतो.

कारखान्यात माझ्या पोटात एक छोटी मोटर बसवली होती. पडद्यावरचा पैलवान आपटला की ती फिरायची आणि मी हातात थरथरायचो. गेम तसा गमतीचाच होता. पैलवान एकमेकांना पोटाने ढकलायचे, उशांनी बडवायचे, आणि आपटले की त्यांच्या डोक्याभोवती तारे फिरायचे. घरातला दादा आणि त्याचा मित्र ढोल्या शाळेतून आले की दप्तरं फेकून आम्हा दोन रिमोटांवर झडप घालायचे. “हा रिमोट लकी आहे,” असं ढोल्या माझ्याबद्दल सगळ्यांना सांगायचा. मग एकदा त्यांच्या ओढाताणीत माझ्या वायरचं टोक तुटलं. नवा रिमोट आला आणि मी खणात गेलो. तिथे हळूहळू बधिर झालो. वाईट वाटायलाही वीज लागते.

मला पुन्हा बाहेर काढलं ते चिमीमुळे. चिमी म्हणजे दादाची धाकटी बहीण. मलाही खेळायचंय म्हणून तिने भोकाड पसरलं, तेव्हा दादाने मला तिच्या हातात दिलं आणि वायरचं तुटकं टोक हळूच सतरंजीखाली सारलं.

“हा पंचाचा रिमोट,” तो म्हणाला. “पैलवान पडला की बटण दाबून तीनपर्यंत मोजायचं.”

पडद्यावरचा टकलू पंच आपला आपणच मोजायचा. पण चिमी जीव ओतून बटण दाबायची, आणि पंचाचा हात खाली आला की तिला वाटायचं, आपणच आणला. मला काही जाणवायचं नाही. तिच्या अंगठ्याला घाम यायचा, एवढं कळायचं.

गंमत पुढेच आहे. रोज तेच ऐकून त्या दोघांनाही स्वतःची थाप खरी वाटायला लागली. “चिमे, नीट बघ हं,” असं ढोल्या तिला बजावायचा. एका अटीतटीच्या कुस्तीत त्याचा पैलवान उठता उठता राहिला, आणि ढोल्या चिमीवरच उखडला.

“हिने मुद्दाम भरभर मोजलं. भावाची बाजू घेते ही.”

“माझी बहीण लबाडी करत नाही,” दादा म्हणाला.

त्या रागात दोघांतल्या एकालाही माझी वायर आठवली नाही. ढोल्या पाय आपटत गेला, तो यायचाच बंद झाला.

चिमीला ते फार लागलं. जेवताना, अंथरुणात शिरताना तिचा एकच प्रश्न असायचा, “मी भरभर मोजलं का रे दादा?” दादा नाही म्हणायचा, पण वायर आठवूनही खरं सांगणं त्याच्या जिवावर यायचं. शेवटी आता आपल्याला पंच व्हायचंच नाही, असं ठरवून चिमी मला खणात ठेवायला निघाली. तिने वायर गुंडाळायला घेतली आणि सतरंजीखालून ते तुटकं टोक तिच्या हातात आलं.

ती रडली नाही. मला काखोटीला मारून थेट ढोल्याच्या दारात गेली आणि ते टोक त्याच्यासमोर धरलं.

“बघ, मी मोजलंच नव्हतं. आता ये खेळायला.”

ढोल्या चपला घालून तिच्या मागोमाग आला. त्याला बघून दादा समजायचं ते समजला. त्याने स्वतःचा रिमोट चिमीला दिला आणि मला घेऊन बसला. चिमीचा पैलवान पहिल्याच उशीने आडवा झाला, तशी ती दचकली.

“दादा, हा हातात थरथरतो?”

माझं मेलेलं बटण दाबत दादा हळूहळू मोजत राहिला.

मित्रांनो, मी आता परत खणात आहे. बरा आहे की वाईट, ते मला सांगता येत नाही. एवढंच म्हणतो, धाकट्यांच्या हातात रिमोट द्याल तेव्हा वायर जोडून द्या.