कट्ट्यावरची पाटी

माझा सोभाव तापट हाय, हे पयलंच सांगून ठिवतो. आमची मालकीण सत्यभामा मनती, ह्यांना तापायला चूल लागत न्हाई. असंल. पन सुनेसाठी म्या जे केलं ते रागानं न्हाई, मायेनं केलं. आन् त्या मायेनंच सगळा घोटाळा झाला.

आमचं गाव चिटगुप्प्याच्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. फाट्यावर बस येती. बायांना बस फुकट, पन फाट्यापातुर पाय तोडत जावं लागायचं. मग एका संस्थेचे महेशकुमार सायेब आले आन् बायांच्या संघाला ब्याटरीचा आटो दिला. ना धूर, ना आवाज. चालवनार कोन? सगळ्या खाली बघायल्या, आन् आमची विजयश्री उभी राह्यली.

लगीन होऊन आठ वरसं झाली तिला. पोरगं धनराज हैदराबादला कंपनीत, ही हितं आमच्याजवळ. घरात हाय का न्हाई कळायचं न्हाई, इतकी गप. आटो शिकल्यापासून मात्र भाकरी थापताना गुनगुनायला लागली. पयल्या दिवशी मला वाटलं शेजारी रेडिओ लागलाय. सत्यभामानं डोळ्यानं खुनावलं, गप बसा. म्या जीव मुठीत धरून ऐकलं. लई गोड वाटलं बगा.

सायबांची अट एकच. महिनाभर बघू; बाया बसल्या तर गाडी हितंच, न्हाई तर पलीकडल्या गावाला देऊ. थांब्याची पाटी त्यांनी मारुतीच्या कट्ट्याजवळ रोवली. दाट सावली, गावाचा मध्य. सगळ्यांनी माना हालवल्या.

मी ठरवलं, आपल्या सुनेची गाडी भरलीच पायजे. रोज सकाळी आठला कट्ट्यावर हजर. एकटा न्हाई, रेवणसिद्धप्पा, माणिकराव, घावंल त्या म्हाताऱ्याला वढून आनायचो. बाई दिसली की वरडायचो, "अक्का, बस की! घरचीच गाडी हाय!" बाई पायातली चप्पल काढून हातात घ्यायची, पदर फुडं वढायची आन् घरांच्या मागून पसार व्हायची. मला असला राग यायचा! विजयश्री तर कट्टा आला की खाली उतरून आटो हातानं ढकलत न्यायची. मी कौतुकानं मनायचो, "बगा रे, पोरगी ब्याटरी वाचवायलीय!"

तीन आठवडे गाडी रिकामी गेली, रिकामी आली. घरातलं गुनगुननं बंद झालं. तेवढ्यात सायबांचा फोन, सोमवारी येतो, बघून ठरवतो.

त्या दिवशी जेवताना माझा भडका उडाला. "ह्या गावच्या बायांना अक्कल न्हाई! उन्हात मरतील, पन गाडीत बसनार न्हाईत. कामून?"

सत्यभामानं वरन वाढता वाढता हात थांबवला. "सांगू का? तापनार न्हाई ना?"

"न्हाई."

"तुमच्यामुळं."

मी तापलोच. पन ती बी आज ऐकायच्या बेतात नव्हती. "ऐकून घ्या. पन्नास वरसं झाली मला ह्या गावात. कट्ट्यावर थोरले बसले असले की आमी सुना चपला हातात घेऊन जातो. तिथं उभं राहून गाडीची वाट बघायची? आन् तुमच्या नाकाफुडनं आटोत बसून जायचं? आदी दोघं-तिघं असायचे, आता तुमी अख्खी पंचायतच नेऊन बसवलाव!"

"मग विजयश्रीनं कामून सांगितलं न्हाई?"

"सून सासऱ्याला मनल व्हय, मामा, उठा तिथून?"

विजयश्री चुलीपाशी पाठ करून बसली होती. तव्यावर भाकरी करपायली, तरी हालंना. तवा मला ती आटो ढकलताना आठवली. ब्याटरी कशाची वाचवती! माझ्याफुडं बसून जायचं न्हाई म्हून ढकलत होती माझी लेक. लाज वाटली, लई लाज वाटली.

सकाळी पहार घेतली आन् कट्ट्याजवळची पाटी उपटली. रेवणसिद्धप्पा धावत आला. "अण्णा, संस्थेची पाटी हाय! सायबांना इचारलाव का?"

"सायेब चपला हातात घेऊन जातो व्हय हितून?" म्या मनलो.

पाटी खांद्यावर टाकून गिरनीपाशी नेली. तिथं बाया तशाबी दळन घेऊन तास-तास बसतात, आन् तिथनं रस्ता परस्पर गावाभायेर निघतो. पाटी रोवली, गिरनीवाल्याला बायांसाठी फळी टाकायला सांगितलं. कट्ट्यावर येऊन सगळ्यांना दम भरला, "गिरनीकडं कुनी फिरकायचं न्हाई. मी बी न्हाई."

सोमवारी मी शेतात जाऊन उभा राह्यलो, अगदी रस्त्याच्या कडंला. आटोला आवाज न्हाई, म्हून आदी गानंच ऐकू आलं. विजयश्री म्हनत होती, मोठ्यानं, आन् मागून पाच-सहा गळे वढत होते. वळनावर गाडी दिसली. गच्च भरलेली! एकीचे पाय तर भायेर लोंबायलेत.

त्यांनी मला बघितलं. गानं तटकन थांबलं, गाडी हळू झाली. विजयश्री उतरायला पाय काढायली.

म्या झटकन पाठ फिरवली. तुरीकडं तोंड केलं आन् खांबावानी उभा राह्यलो. मग कुनीतरी खुदकन हासलं, आन् गानं माझ्या पाठीमागून सुरू होऊन फाट्याकडं गेलं.

मागून फटफटी येऊन थांबली. महेशकुमार सायेब. "अण्णा, आटोत मला बी जागा मिळाली न्हाई. गाडी राह्यली तुमच्या गावाला. पन तुमी उलटं तोंड करून काय करायलाव?"

"तूर बघायलोय," म्या मनलो. डोळे पुसल्याबिगर वळता येईना.